उसना वारा

सूर नंतर येतो, आधी वारा येतो. वर गॅलरीत कुठेतरी कळ दाबली जाते आणि एवढा वेळ मुकाट उभा असलेला तो लाकडाचा, कथलाचा, शिशाचा डोंगर आतल्या आत भरू लागतो. ऐकायला म्हटलं तर काहीच नसतं. एखाद्या झडपेची कुरकुर, जुन्या लाकडानं आळस द्यावा तसा एक आवाज, मग अगदी बारीक, एकसलग सळसळ, कान दिला तरच कळणारी. पण पाच हजारांहून जास्त नळ्यांच्या तळाशी वारा येऊन दबा धरून बसलेला असतो, आणि त्यातली एकही अजून बोललेली नसते. खालच्या खुर्च्यांवरची कुजबुज कुणी न सांगता विरते. कार्यक्रमपत्रिकेची घडी घालणारे हात मध्येच थांबतात.

मग कुणीतरी बोट ठेवतं.

हार्लेमच्या सिंट बाव्हो चर्चमध्ये हा क्षण मी ज्या उजेडात अनुभवला, त्या उजेडाबद्दल आधी सांगायला हवं. हॉलंडमधली उन्हाळ्यातली संध्याकाळ संपता संपत नाही. आठ वाजून गेले तरी ऊन कलंडल्यासारखं नुसतं रेंगाळत असतं. चौकातल्या विटांवर, सायकलींच्या चाकांवर, कॅफेतल्या पेल्यांवर ते मधासारखं चिकटून बसतं. चर्चच्या दारातून आत पाऊल टाकलं की त्याचा रंगच जातो. आत सगळं पांढरं. पांढऱ्या भिंती, पांढरे गोल खांब, उंच उंच खिडक्यांना बहुतेक साध्या काचा, आणि खूप वर, मान दुखेपर्यंत वर, लाकडाचं तपकिरी छत. बाहेरचं सोनेरी ऊन या काचांतून गाळून आत येतं तेव्हा त्याचं दूध झालेलं असतं. सतराव्या शतकात पीटर सानरेडाम नावाच्या चित्रकारानं हाच उजेड पुन्हा पुन्हा रंगवला. चर्चच्या रिकाम्या, शुभ्र अंतर्भागांखेरीज त्यानं फारसं काही रंगवलंच नाही. माणसं त्याच्या चित्रांत असतात, पण इवलीशी, खांबाच्या पायथ्याशी चुकून राहून गेल्यासारखी. तो इथेच पुरलेला आहे. फ्रान्स हाल्सही इथेच, हसऱ्या, तांबूस चेहऱ्यांचा तो चित्रकार. सगळी फरशीच थडग्यांच्या शिळांची आहे. झिजलेली नावं, झिजलेली बोधचिन्हं, आणि त्यांच्यावर आपण खुर्ची सरकवून बसायचं. पहिल्यांदा पाय अवघडतात. मग आपणही त्या चित्रातली खांबाखालची माणसं होऊन जातो.

आणि या सगळ्या पांढऱ्या संयमाच्या शेवटी, पश्चिमेच्या भिंतीवर, तो ऑर्गन.

जवळजवळ ३० मीटर उंच. गडद तांबूस लाकूड, त्यावर सोन्याचा वर्ख, रुपेरी नळ्यांचे बुरुज, बुरुजांवर वाद्यं हातात घेतलेल्या मूर्ती, आणि सगळ्यांत वर शहराचं मानचिन्ह धरून उभे असलेले दोन सिंह. क्रिस्टियान म्युलर या कारागिरानं १७३५ मध्ये काम हाती घेतलं आणि १७३८ मध्ये पुरं केलं. बरोक शैलीतला हा सोस मला एरवी सोसवत नाही. दक्षिण जर्मनीतल्या काही चर्चांमध्ये सोनेरी देवदूतांच्या गर्दीत माझा जीव गुदमरला आहे. इथे मात्र तो शोभतो. एवढ्या मोठ्या मौनाला बोलण्याचं एकच तोंड ठेवायचं, तर ते असंच असायला हवं.

खरी मौज या तोंडाच्या मालकीत आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे धर्मसुधारणेचा वारा आला, १५७८ मध्ये हे चर्च प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं, मूर्ती गेल्या, वेद्या गेल्या, भिंतींना चुना लागला. कॅल्व्हिनच्या कडक अनुयायांना उपासनेत ऑर्गनही नको होता. ईश्वराच्या शब्दापासून मन भुलवणारं वाद्य म्हणून. पण ऑर्गन चर्चचे नव्हतेच, ते शहरांचे होते. नगरपालिकांनी ते मोडू दिले नाहीत. प्रार्थनेच्या वेळी गप्प राहायचं असेल तर राहू दे, पण प्रार्थनेच्या आधी, नंतर, आठवड्यातल्या साध्या दिवशी वाजू दे, लोक ऐकायला येऊ देत, असा मध्यममार्ग त्यांनी काढला, आणि त्यासाठी वादक पगारावर ठेवले. अ‍ॅमस्टरडॅमच्या आउडे केर्कमध्ये यान पीटर्सझोन स्वेलिंक चाळीस वर्षं असाच शहराचा नोकर म्हणून वाजवत राहिला. म्हणजे तिकीट नसलेली, यजमानाचा मान नसलेली, येईल त्यानं ऐकावी अशी मैफल युरोपात इथे, धर्मानं गप्प केलेल्या वाद्यांच्या आधारानं रुजली. हार्लेमचा ऑर्गन आजही शहराच्याच मालकीचा आहे आणि शहराचा नेमलेला वादक आजही असतो. मनाई करणाऱ्यांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही, पण मानावेत.

त्या संध्याकाळचा वादक मात्र शहराचा नव्हता. पाहुणा होता, इंग्लंडमधल्या एका कॅथेड्रलचा ऑर्गनवादक. उन्हाळाभर इथे असे पाहुणे येतात. हेन्डेल लंडनहून युरोपात आला की हार्लेमला थांबे. १७४० मध्ये आणि १७५० मध्ये तो इथे वाजवून गेला. दहा वर्षांचा मोत्झार्ट १७६६ मध्ये बापाबरोबर आला आणि याच पट्ट्यांवर बोटं फिरवून गेला. त्या रांगेत आपलं नाव लागणार हे माहीत असलेला माणूस जिना चढताना काय विचार करत असेल?

त्याचं उत्तर मला दुपारीच थोडंसं मिळालं होतं. माझा मामा सांगलीहून आला होता. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आणि संध्याकाळी भजनी मंडळात पेटी धरली, असा माणूस. ऑर्गन त्याला नवा नव्हता. त्याचा ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातला, रंगमंचापुढे ठेवलेला, पायानं भाता मारत वाजवायचा. बालगंधर्वांच्या पदांमागे ज्याची भरदार, किंचित रडवी साथ जुन्या तबकड्यांतून अजून ऐकू येते तो. त्याला म्हटलं, मामा, आज मोठा ऑर्गन दाखवते. दुपारी चर्च बघायला म्हणून आम्ही आत शिरलो तर वर तालीम चालली होती.

तालीम तरी कसली! एक स्वरसंघ वाजायचा, सबंध चर्चभर पसरायचा, आणि तुटायचा. मग काही नाही. कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा तोच स्वरसंघ, जरा वेगळ्या रंगाचा, कारण मधल्या वेळात कुणीतरी एक खुंटा ओढलेला असायचा किंवा आत ढकललेला असायचा. पुन्हा तोडायचा. पुन्हा शांतता.

“अगं, हा वाजवत का नाहीये?” मामा म्हणाला. “नुसता थांबतोय.”

थोड्या वेळानं वरचा आवाज सुरू असतानाच कोपऱ्यातलं एक लहानसं दार उघडलं आणि एक उंच, किंचित वाकलेला गृहस्थ बाहेर आला. वर त्याचा मदतनीस स्वर धरून बसला होता आणि हा खाली थडग्यांच्या शिळांवरून चालत मध्यापर्यंत आला, डोळे मिटून उभा राहिला, मग आणखी चार पावलं पुढे, मग एका खांबाच्या आडोशाला. हात वर केला. वर स्वर तुटला. आणि हा माणूस मान एका बाजूला कलती करून, जाणाऱ्या आवाजाच्या मागे मागे कानानं चालत गेला, दूर पूर्वेच्या टोकापर्यंत, जिथे तो आवाज खांबांच्या पांढऱ्या रानात विरून गेला.

“ऐकतोय होय,” मामा हळूच म्हणाला. “आवाज जायला किती वेळ लागतो ते बघतोय.”

सतारवादक आपली सतार घेऊन जगभर हिंडतो. तबलजी हातोडी आणि पावडर घेऊन हिंडतो. ऑर्गनवादकाला असं काही नेता येत नाही. त्याचं वाद्य इमारतीत रुजलेलं, किंबहुना इमारत हाच त्याच्या वाद्याचा भोपळा. प्रत्येक गावी नवं वाद्य. पट्ट्यांची लांबी वेगळी, जडपणा वेगळा, खुंट्यांची जागा वेगळी, वाऱ्याचा स्वभाव वेगळा. स्वतःच्या कॅथेड्रलमध्ये या माणसाच्या हाताखाली विजेच्या कळा असतील, एक दाबली की ठरवून ठेवलेला सगळा स्वरमेळ क्षणात हजर. इथे प्रत्येक खुंटा हातानं ओढायचा, तोही इतका दूर की दोन्ही बाजूंना मदतनीस उभे करावे लागतात. तो फक्त दोन गोष्टी बरोबर आणतो. एक, कागद. आणि दुसरी, बूट. पातळ चामड्याच्या तळाचे, निमुळते काळे बूट, पायपट्ट्यांवर टाच आणि चवडा अचूक पडावा म्हणून. ते रस्त्यावर घालायचे नसतात, कापडी पिशवीत जपून न्यायचे असतात. मामाला याचं फार अप्रूप वाटलं. “वाद्य आणत नाही, जोडे आणतो,” तो दिवसभर मध्येच आठवून म्हणत राहिला.

कॉफी पिताना मात्र मामातला पेटीवाला जागा झाला. त्याला आतली रचना हवी होती. मी मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. पट्टी दाबली की लाकडाच्या लांबलचक, बोटभर रुंदही नसलेल्या पट्ट्या आत ओढल्या जातात, त्या थेट वर जाऊन एक झडप उघडतात, आणि वारा नळीत शिरतो. काही नळ्या पाव्यासारख्या, ओठाच्या कडेवर वारा कापून बोलणाऱ्या. काहींच्या बुडाशी पितळेची जीभ, तुझ्या पेटीत असते तशी. एकेका खुंट्यामागे नळ्यांचा एकेक सबंध संच. दोन हातांना तीन पट्टीमाळा, पायांना चौथी, आणि एकीला दुसरी जोडायचीही सोय.

“म्हणजे कपलर,” मामा खुशीत म्हणाला.

“कपलरच.”

“आणि भाता?”

भाता पूर्वी माणसं पायांनी दाबत. चर्चच्या हिशेबवह्यांत त्यांचे पगार लिहिलेले सापडतात, संगीताच्या इतिहासात त्यांची नावं नाहीत. आता विजेचा पंखा आहे. पण तेव्हाही आणि आताही, वारा वादकाच्या ताब्यात कधीच नव्हता.

“मग जोरात दाबलं पट्टीला, तर?”

“तेवढाच आवाज.”

“हलकेच दाबलं?”

“तेवढाच.”

मामा कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. पेटीवाल्याचा सगळा जीव डाव्या हातात असतो. उजवा हात सूर सांगतो, डावा त्यात प्राण फुंकतो. भाता जरासा रोखला की सूर दबतो, सोडला की फुलतो, अभंगातल्या एका आर्जवी शब्दावर तो किती हलका करायचा हे त्या हाताला न शिकवता येतं. ते सगळं काढून घेतलं तर उरतं काय? “मग भाव आणायचा कुठून?” त्यानं विचारलं, आणि हा प्रश्न त्यानं इतक्या काळजीनं विचारला, जणू त्या उंच, वाकलेल्या गृहस्थाचं रात्री कसं होणार, हीच त्याची चिंता होती.

सतारीची तार छेडली की सूर जन्मतो आणि त्याच क्षणापासून मावळायला लागतो. तंबोरा पुन्हा पुन्हा छेडावा लागतो. गळ्यातला सूर श्वासापुरता. आपल्या सगळ्या संगीताला सुराच्या नश्वरतेची सवय आहे. मींड, गमक, आंदोलन, सगळी त्या मावळत्या सुराला आणखी क्षणभर धरून ठेवण्याची लोभस धडपड. ऑर्गनचा सूर मावळत नाही. बोट आहे तोवर वारा आहे, वारा आहे तोवर तो जसा जन्मला तसाच उभा आहे. तरुण, सपाट, निर्विकार. तासभर धरा, तासभर राहील. त्याला वय नाही. त्यामुळे त्याला दुःखही नाही, आणि म्हणूनच तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला परका वाटतो. त्याला शेवट द्यावा लागतो, आणि तो वादकानं द्यायचा. केव्हा उचलायचं बोट, किती अलगद, आणि पुढचा सूर ठेवण्याआधी मध्ये किती मोकळं सोडायचं, हेच त्याच्या हातात. लहान-मोठा आवाज नाही, फक्त काळ. भाव असलाच तर त्या सोडण्यात आहे.

पण सोडलं तरी इमारत लगेच सोडत नाही. ती सूर आणखी काही सेकंद आपल्याकडे ठेवून घेते. म्हणून तो माणूस दुपारभर थांबत होता. सूर कसा सोडायचा हे त्याला येतच होतं. या दगडांना आणि या लाकडाला तो किती वेळ धरायची सवय आहे, ते त्याला विचारून घ्यायचं होतं.

संध्याकाळी पहिलं स्वेलिंकचं होतं. माझ्या तरुण आयुष्याचा शेवट आला, अशा अर्थाच्या एका लोकप्रिय गाण्यावरच्या सहा आवृत्त्या. एकट्या बासरीच्या नळ्यांवर सुरुवात झाली. इतका साधा, इतका जवळचा आवाज त्या प्रचंड डोंगरातून येईल असं वाटलं नव्हतं. कुणी मागच्या खुर्चीवर बसून गुणगुणावं तसा. वादक दिसत नव्हता. दिसणारच नाही अशी रचना आहे: गॅलरीच्या कठड्यावर ऑर्गनचाच एक धाकटा भाग टांगलेला असतो आणि वादक त्याच्याकडे पाठ करून, मोठ्या आणि लहान ऑर्गनच्या मध्ये बसतो. हल्ली काही ठिकाणी खाली पडदा लावून वादकाचे हातपाय दाखवतात. मला ते पटत नाही. चेहरा नसलेलं, घाम नसलेलं, कुणाची दाद न मागणारं संगीत ऐकण्याची संधी आपल्याला एरवी कुठे मिळते? शिवाय डोळ्यांना काम नसलं की ते आपोआप वर जातात, आणि त्या वेळी वर, खिडक्यांच्या काठांवर, शेवटचं ऊन गुलाबी होत चाललेलं होतं.

स्वेलिंकच्या हाताखाली उत्तर जर्मनीचे इतके तरुण शिकले की त्याला ऑर्गनवादक घडवणारा म्हणत. ते हॅम्बुर्गला गेले, तिथे त्यांचे शिष्य झाले, त्या शिष्यांचे शिष्य. आपण घराणं म्हणतो तेच. पुढचा वादनक्रम त्याच वाटेनं गेला. ल्युबेकचा बुक्स्टेहुडे, उसळता, मध्येच थबकणारा, मध्येच विजेसारखा पायपट्ट्यांवर धावणारा. याला ऐकायला विशीतला बाख १७०५ मध्ये आर्नष्टाटहून ल्युबेकला चारेकशे किलोमीटर पायी गेला होता, हे मी मामाच्या कानात सांगितलं.

“रजा?”

“चार आठवड्यांची. राहिला चार महिने.”

“मग?”

“बोलणी खाल्ली.”

मामानं समाधानानं मान हलवली. मास्तरकीत त्याला अशा रजा मंजूर करायला फार आवडलं असतं.

मग बाखची एक छोटीशी रचना आली, मी तुला हाक मारतो, अशा अर्थाच्या स्तोत्रावरची. तीन आवाज फक्त. खाली पायांचा सावकाश, एकसारखा ठोका, मध्ये सतत वाहतं पाणी, आणि वर ती हाक, कापऱ्या वाऱ्यावर, जराशी अनुनासिक, जराशी घोगरी. वारा थरथरवणारी एक युक्ती ऑर्गनमध्ये असते. ती लावली की सूर म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यासारखा हलतो. मघाशी मी त्याला वय नसलेला म्हटलं. इथे त्याला वय आलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी बोट उचललं जाई तेव्हा आतल्या पाण्याचा प्रवाह चालूच असे, आणि त्या चालू प्रवाहावर तुटलेल्या हाकेचा पडसाद क्षणभर तरंगत राही, मग बुडे. मी शेजारी पाहिलं. मामाचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं अगदी सावकाश उघडत, मिटत होती. नसलेला भाता.

अखेरीस पासाकाल्या, सी मायनरमधली, फ्यूगसह. आठ मात्रावर्तनांची एक चाल, सुरुवातीला नुसत्या पायपट्ट्यांवर, कशाचीही साथ नाही. अंधारात कुणी पायरी पायरी उतरावं तशी. मग त्या चालीवर वीस वेळा वेगवेगळं बांधकाम. मामाला समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्याच आवर्तनात त्यानं ओळखलं. “हा लेहरा आहे,” तो म्हणाला. आणि खरंच होतं ते. स्वतंत्र तबलावादनात पेटीवाला एकच लेहरा धरून बसतो, तास तास, न कंटाळता, न बदलता, आणि तबल्याची सगळी आतषबाजी त्या एका ओळीच्या जिवावर होते. असा लेहरा मामानं उभा जन्म धरला होता. आता तो डोळे मिटून त्या चालीच्या मागे बसला, आणि वरचे सूर कितीही गजबजले तरी दर आवर्तनाच्या तोंडाशी त्याची मान अचूक हलत होती. मधल्या काही आवर्तनांत ती चाल पायांतून निघून वरच्या आवाजात जाते, पुढे तर तुटक, सांडलेल्या सुरांत लपूनच बसते. तेव्हा खाली काहीच उरत नाही, आणि आपण अधांतरी राहतो. मग ती पुन्हा पायांत येते.

ती आली तेव्हा बत्तीस फुटी नळ्या उघडल्या होत्या.

त्या नळ्यांचा सगळ्यांत खालचा सूर सेकंदाला सोळा कंपनांचा. कान जिथे हात टेकतो त्या सीमेवरचा. तो ऐकू येत नाही, होतो. खुर्चीच्या पायांतून, बरगड्यांतून, थडग्याच्या शिळेतून. योहान सेबास्टियान बाख नवा ऑर्गन तपासायला गेला की आधी सगळे खुंटे ओढून एकदम वाजवी, आणि वर थट्टेनं म्हणे, की पहिल्यांदा याची फुप्फुसं कशी आहेत ते बघू दे, असं त्याच्या मुलानं लिहून ठेवलं आहे. हार्लेमच्या फुप्फुसांना काही झालेलं नाही.

फ्यूगच्या अगदी शेवटाजवळ, सगळे आवाज एकमेकांवर चढून छताला भिडलेले असताना, बाख अचानक एका अनोळखी, वाटेबाहेरच्या स्वरसंघावर येऊन थांबतो. कागदावर तिथे विराम आहे. किती लांबीचा, ते कागद सांगत नाही. त्या गृहस्थानं दोन्ही हात उचलले असणार. आम्हाला दिसलं फक्त एवढंच, की आवाजाचा तो सबंध पर्वत एकाएकी आधाराशिवाय हवेत राहिला. तो खाली आला नाही. तो दूर गेला. खांबांमधून, माथ्यांवरून, पूर्वेकडे, दर क्षणी थोडा अधिक पारदर्शक होत, आणि त्याच्या मागोमाग शेकडो माणसांचे कान. पुढचा सूर आता येईल, आता येईल असं वाटत होतं आणि तो येत नव्हता. कुणी खोकलं नाही. पर्वताचं धुकं झालं, धुक्याचा नुसता गारवा झाला, आणि तो गारवाही जातो न जातो तोच, त्याच्या शेवटच्या कडेवर, उरलेला शेवट आला: मेजरमध्ये, उजळून, दार उघडावं तसा.

टाळ्यांच्या वेळी तो कठड्याशी आला. एवढ्या उंचीवर एवढासा माणूस. त्यानं आधी ऑर्गनकडे हात केला, मग वाकला.

थोड्या वेळानं तो त्या कोपऱ्यातल्या दारातून खाली आला. हातात कापडी पिशवी. मामा थेट त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं नमस्कार केला, वाकून, कलाकाराला करतात तसा. मग मला म्हणाला, “त्यांना विचार, ते मध्ये थांबले, ते मोजून थांबले का?”

मी विचारलं. गृहस्थ हसला. मोजून ठेवलं होतं, म्हणाला, दुपारी. पण ते रिकाम्या चर्चचं माप होतं. संध्याकाळी माणसं येतात, त्यांच्या अंगांत, कपड्यांत आवाज मुरतो, तो लवकर विझतो. दुपारचं माप मग टाकून द्यावं लागतं. तुम्ही सगळे जेवढा वेळ ऐकत राहिलात तेवढा वेळ मी थांबलो, असं तो म्हणाला. मी भाषांतर केलं. मामानं काही उत्तर दिलं नाही, फक्त त्या पिशवीकडे बोट दाखवून “जोडे?” असं मराठीतच विचारलं, आणि त्या इंग्रज माणसाला ते बरोबर कळलं. त्यानं पिशवी उघडून दाखवली.

बाहेर चौकात अजून उजेड होता आणि वर चर्चच्या मनोऱ्यात लहान घंटा वाजत होत्या. रोज रात्री नऊ ते साडेनऊ त्या वाजतात. क्रूसेडच्या काळात हार्लेमकरांनी इजिप्तमधलं दमिएता बंदर जिंकायला मदत केली होती, त्याची आठवण म्हणून, असं गावकरी सांगतात. मामाला त्यात रस नव्हता. तो बराच वेळ गप्प चालला आणि मग म्हणाला, “पेटीवाल्यानं हे एकदा ऐकायला पाहिजे. आम्ही फार भाता मारतो.”

तिकडे जाणं अवघड नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या मुख्य स्टेशनावरून गाडीनं वीसएक मिनिटांत हार्लेम येतं, आणि स्टेशनापासून चर्चचा चौक चालत गाठता येतो. उन्हाळ्यात मंगळवारी संध्याकाळी वादन असतं. वेळ तेवढी आधी पाहून घ्या. अगदी ऑर्गनखाली बसू नका, मध्यावर बसा. आणि शेवटचा सूर सुटल्यावर टाळ्यांची घाई करू नका. वाजवणाऱ्याचं काम तेव्हा संपलेलं नसतं.